तिसरा पुकारा

माझ्या आवाजाबद्दल माहेरी कोणी कधी चांगलं बोललं नाही. मुलीला एवढा मोठा आवाज शोभत नाही, हे आईचं ठरलेलं वाक्य. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात राहायला आले, तर आमच्याकडे आज कोणती भाजी आहे हे शेजारच्या इमारतीतल्या बायकांना न विचारता कळायचं. विद्यापीठाने मात्र या आवाजाची कदर केली. प्रवेश विभागात लिपिक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण खुर्ची कोणतीही असो, दरवर्षी माझं एक काम ठरलेलं असायचं. नावं पुकारण्याचं.

ज्यांचा विद्यापीठाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एम.ए., एम.एस्सी.साठी अर्ज येतात, गुणांप्रमाणे यादी लागते, प्रवर्गांप्रमाणे जागा भरतात. तरी शेवटी काही जागा उरतातच. कोणाला पुण्यात प्रवेश मिळालेला असतो, कोणी बी.एड.ला जातं, कोणाचं लग्न ठरतं. या उरलेल्या जागांसाठी स्पॉट राऊंड असतो. उमेदवारांनी मूळ कागदपत्रं घेऊन सभागृहात बसायचं, मी यादी हातात घेऊन उभी राहायची आणि गुणांच्या क्रमाने नाव घ्यायची. नाव आलं की उभं राहून हजर म्हणायचं आणि जागा घ्यायची. तीन पुकाऱ्यांत उत्तर नाही आलं, तर जागा पुढच्याची.

यातले पहिले दोन पुकारे सभागृहात व्हायचे. तिसरा मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन द्यायची. नियमावलीत असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या साहेबांनी मला तसं शिकवलं आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. कारण साधं होतं. गावाकडून पहाटेच्या एसटीने आलेलं पोरगं झेरॉक्सच्या रांगेत अडकलेलं असायचं, नाहीतर लिंबाखाली झोपलेलं. पायऱ्यांवरून एकदा नाव गेलं की चहाच्या गाड्यावरचा माणूस ते पुढे ओरडायचा, तिथून रिक्षावाले ओरडायचे, आणि हातात अर्धं बिस्कीट घेऊन कोणीतरी धावत यायचं.

या पुकाऱ्यांत मी काय काय पाहिलं. हातावर ओली हळद असलेली एक मुलगी मंडपातून थेट आली, जागा घेतली आणि त्याच रिक्षाने परत गेली. एका पुतण्याच्या वतीने त्याचे काका हजर म्हणून उभे राहिले. विषय कोणता हवा विचारलं, तर म्हणाले, त्यातला जो चांगला असेल तो द्या. मी त्यांना खाली बसवलं. मग पुतण्याला शोधायला पुन्हा मलाच पायऱ्यांवर जावं लागलं.

मग ते कोरोनाचं वर्ष आलं. आमचं आवार एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. पास दाखवून, पोलिसांना ओळखपत्र दाखवून, मोकळ्या रस्त्याने ऑफिसला जायचं आणि निम्म्या खुर्च्यांवर फुली मारलेल्या खोलीत बसायचं. मास्कमधून माझा आवाज पहिल्यांदाच माफक येऊ लागला. घरच्यांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

त्या काही महिन्यांत आमचे नियम जसे वितळले, ते पाहून मी थक्क झाले. प्रवेश परीक्षा रद्द झाली, पदवीच्या गुणांवर प्रवेश ठरला. मूळ टीसी नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पोरांना दोनशे किलोमीटर परत पाठवत होतो, आता मोबाइलवर काढलेला फोटो चालू लागला. तहसील कार्यालयं बंद, म्हणून जातीची प्रमाणपत्रं नंतर द्या, आज हमीपत्र द्या, असं झालं. गुणपत्रिकांचे फोटो यायचे तेही एकेक नमुने. एकात कोपऱ्यात कोंबडीचा पाय होता. एका मुलाने गुणपत्रिका छातीशी धरून, केस विंचरून, स्वतःचाच फोटो पाठवला होता. मला मनातून आनंद व्हायचा. इतकी वर्षं जे अडवत होतो, त्यातलं किती नुसत्या सवयीचं होतं, हे दिसत होतं.

स्पॉट राऊंड फोनवर घ्यायचा असं ऑनलाइन बैठकीत ठरलं. अर्जावरच्या मोबाइलवर थोड्या थोड्या वेळाने तीनदा फोन करायचा, उचलला नाही तर गैरहजर, लगेच पुढचा उमेदवार. कोणालाच यात खटकलं नाही, कारण नियम जुनाच होता. फक्त सभागृहाच्या जागी फोन आला होता.

विज्ञान शाखेच्या समितीचे प्रमुख होते डॉ. शेळके, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. माणूस नियमाचा एकदम पक्का. एका पुढाऱ्याच्या भाच्याला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, त्यामुळे त्यांच्या यादीवर कोणी संशय घेत नसे. त्या दिवशी ते टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन आणि सॅनिटायझरची बाटली.

रसायनशास्त्राची एकच जागा उरली होती. आमच्याकडे या विषयाला मोल आहे. चिकलठाणा असो की पैठण रोड, आजूबाजूला औषधांच्या आणि रसायनांच्या कंपन्या आहेत. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलीला प्रयोगशाळेत नोकरी लागते, नाही झालं तर घरचे दुसऱ्या वर्षाची वाट पाहत नाहीत, स्थळं पाहतात. यादीत पुढचं नाव होतं अश्विनी साळवे, राहणार चितेगाव. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिच्या खाली सिडकोतल्या एका मुलाचं नाव होतं.

शेळके सर म्हणाले, तिसरा द्या आणि पुढचं नाव घ्या. माझं बोट बटणावर होतं, पण दाबलं जाईना. सभागृहात एखाद्याने उत्तर दिलं नाही, तर चार जण माना वळवायचे, कोणीतरी म्हणायचं थांबा, आत्ता इथंच होता. इथे तसं कोणी नव्हतं. एका बंद घरात की झाडाखाली, कुठे तो फोन वाजत होता, मला काहीच दिसत नव्हतं.

“सर, तिसरा पुकारा बाहेर जाऊन द्यायचा असतो,” मी म्हणाले.

“बाई, फोनला बाहेर कुठं असतं?”

मी एवढंच म्हणाले की शोधते. सरांनी आधी ठाम नकार दिला. एका मुलीसाठी वेगळा नियम करता येणार नाही. मी म्हणाले, वेगळा नको, सगळ्यांनाच लावा. आज ज्यांनी ज्यांनी फोन उचलला नाही, त्या सगळ्यांसाठी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सांगितलं की सगळ्या विषयांच्या अशा जागा कार्यालय बंद होईपर्यंत कोणाला द्यायच्या नाहीत. कागदावर तसं लिहून त्यांनी खाली सहीसुद्धा केली. नियमाच्या माणसाचं हेच मला आवडतं, एकदा पटलं की तो अर्धवट काही करत नाही.

मी अश्विनीच्या कॉलेजच्या क्लार्कला फोन लावला. कॉलेज बंद, तो शेतात कापूस वेचत होता. म्हणाला, तो नंबर तिच्या वडलांचा आहे. घरात तेवढा एकच मोबाइल. बबन साळवे चितेगावच्याच एका कंपनीत कामाला आहे आणि तिथे मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर जमा करायचा, सुटी झाली की घ्यायचा. क्लार्कचा मेहुणा त्याच कंपनीत, त्यामुळे गेटचा नंबर त्याच्याकडे होता.

गेटवरच्या वॉचमनने फोन उचलला. चाऊस त्याचं नाव. मी विद्यापीठातून बोलतेय म्हटल्यावर तो सावध झाला.

“वो मोबाइल तो सुबू से डब्बे में बज रा, मॅडम. पर हमकू उठाने की इजाजत नै.”

मी म्हणाले, उचलू नका, माणसाला बोलवा. गेट सोडायचीही इजाजत नाही, असं तो म्हणाला. माझ्यासमोर एक नियमवाले बसलेलेच होते, तिकडे हे दुसरे. मग मी सरळ सांगून टाकलं की त्याच्या मुलीच्या प्रवेशाची गोष्ट आहे आणि आज ती जागा गेली तर गेली. बच्ची की पढाई का है क्या, असं त्याने विचारलं. हो म्हटल्यावर त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि गेटमधूनच आत हाक मारली. एकदा, दुसऱ्यांदा, मग लोखंडी दारावर काठी आपटून. त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. आत कोणीतरी ती हाक पुढे नेली, त्याच्याही पुढे आणखी कोणीतरी, आणि मशिनच्या घरघरीत ती लांब जाताना मला ऐकू येत राहिली. मी सरांकडे पाहिलं. सरही ऐकत होते.

धावत आल्याने दम लागलेला एक आवाज फोनवर आला.

“कोन गेलं?”

त्या दिवसांत काम सोडून गेटवर बोलावलं की त्याचा अर्थ एकच असायचा. त्याच्याआधी त्याच गेटवर त्याच्या सोबतच्यांना असंच बोलावलं गेलं होतं, हे मला नंतर कळलं. मी म्हणाले, “कोणी गेलं नाही, भाऊ. घरी सगळे बरे आहेत. मी विद्यापीठातून बोलतेय. अश्विनीला एम.एस्सी.ला जागा आहे. घ्यायची का, एवढंच विचारायचंय.”

मग स्पीकरवर त्याचं रडणं ऐकू आलं, गडीमाणसाचं, दाबून धरलेलं. “घ्या मॅडम. लिवा तिचं नाव. लिवून टाका.”

शेळके सर पुढे झाले आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, होकार मुलीनेच द्यायला हवा, पण घाई नाही, कार्यालय बंद होईपर्यंत जागा तिचीच आहे. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. जेवणाच्या सुटीत सुपरवायझरने बबनला घरी जाऊ दिलं, आणि आम्ही डबे उघडून बसलो होतो तेव्हा त्याच नंबरवरून फोन आला.

“मॅडम, मी अश्विनी साळवे. मी हाय. जागा गेली का?”

नाही गेली, मी म्हणाले. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की पुढचं वाक्य मास्क काढून, पूर्ण आवाजात बोलले. सरांनी कानावर हात ठेवला.

सिडकोतल्या मुलाला मी स्वतः फोन केला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला, कारण सकाळपासून तो फोन हातात धरूनच बसला होता. त्याची आई म्हणाली, आमचं पोरगं तुमच्या नियमानं बसलं होतं ना, मग? तिचंही खरं होतं. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला, पण त्या बाईचा तो ‘मग’ अजून माझ्या मनातून जात नाही.

नंतर परिपत्रक निघालं की तिसरा संपर्क अन्य मार्गाने, म्हणजे महाविद्यालय, शेजारी किंवा ग्रामपंचायतीमार्फत करावा. पुकारा हा शब्द त्यात कुठे नव्हता. परिपत्रकाला असले शब्द चालत नाहीत.

जागा मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. वर्ग ऑनलाइन सुरू झाले, वेळ अकराची, कारण वेळापत्रकात कायम अकराचीच होती. काही आठवड्यांनी शेळके सर आमच्या विभागात आले. अश्विनी साळवे निम्म्या तासांना नव्हती, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं. मला वाटलं सर आता म्हणणार, पाहा, तुमच्या त्या मुलीने जागा वाया घालवली. त्यांनी विचारलं, “बाई, तो फोन घरी कधी असतो?”

हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत कोणी विचारला नव्हता. मी बबनला विचारून घेतलं. कंपनी दोन पाळ्यांची. एका आठवड्यात तो उजाडता उजाडता जायचा, दुसऱ्या आठवड्यात दुपारी. पहाटे मात्र फोन दोन्ही पाळ्यांत घरीच. सरांनी वर्गातल्या बाकीच्यांकडे चौकशी केली, तर निम्म्या वर्गाची हीच गत. कोणाचा फोन वडलांबरोबर कंपनीत जायचा, कोणाचा भावाबरोबर भाजीच्या गाडीवर. मग सरांनी रसायनशास्त्राचा तास पहाटे साडेपाचला नेला. तेव्हाही ज्यांना जमणार नाही, त्यांनी नंतर रेकॉर्डिंग ऐकून वहीतल्या उत्तरांचा फोटो पाठवायचा, तीच त्यांची हजेरी.

विभागात गहजब झाला. एका प्राध्यापकांनी आयुष्यात साडेपाच पाहिलेच नव्हते. लहान बाळ असलेल्या एका मॅडमना सरांनी रेकॉर्डिंगचं काम देऊन पहाटेतून सोडवलं. पोरं उठावीत म्हणून माझा आवाज वापरायचं त्यांच्या डोक्यात आलं, आणि मी एक निरोप रेकॉर्ड करून दिला: उठा, तास सुरू होतोय. तो रोज वर्गाच्या ग्रुपवर पडायचा. एका मुलाच्या गल्लीत म्हणे त्यावर तीन घरं उठायची.

पहिल्या तासाला मी कुतूहल म्हणून घरून हजर राहिले, मग ती सवयच लागली. कोंबडा आरवत होता, कुठे हातपंप वाजत होता, कोणाची तरी आई ओरडत होती की नळाला पाणी आलंय, आधी हंडे भर. सर वैतागून म्यूट करा, म्यूट करा म्हणत होते. महिनाभरात तेच तास सुरू करण्याआधी विचारू लागले, पाणी भरून झालं का सगळ्यांचं? अश्विनी रोज असायची. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात तिच्या मागे पत्र्याच्या भिंतीला टेकून बबन डबा बांधत असायचा. तासाच्या शेवटी त्याचा हात पडद्यावर यायचा आणि फोन घेऊन जायचा.

दुसऱ्या लाटेत वर्गातल्या काही मुलांच्या घरची माणसं गेली. अशा एका पहाटे सरांनी काहीच शिकवलं नाही. नुसती एकेक नावं घेतली आणि प्रत्येकाला घरचं कसं आहे ते सांगू दिलं. ते नाव घेणं ऐकताना मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

लाट ओसरली तशी प्रयोगशाळा थोड्या थोड्या मुलांसाठी उघडायला परवानगी मिळाली. फोनवर रसायनशास्त्र ऐकता येतं, करता येत नाही. कोणाला आधी बोलवायचं यावर पुन्हा बैठक झाली. गुणांच्या क्रमाने बोलवा, असं एक जण म्हणाले. शेळके सर म्हणाले, ज्यांच्या वाट्याला फोन सगळ्यात कमी आला, ते आधी येतील. बैठक तिथेच संपली.

अश्विनी पुढे पास झाली, आज ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत आहे, हे सांगून मोकळी होते. मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवसाचं.

मी काम टाकून रसायनशास्त्र विभागात गेले. व्हरांड्यात एक माणूस भिंतीपासून अंतर ठेवून उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीची ओढणी आणि पिशवी. मी शिपायाला सर कुठे आहेत विचारलं, तर तो माणूस वळला आणि म्हणाला, “तुम्हीच का त्या फोनवाल्या मॅडम? आवाजावरनं वळखलं.” साप्ताहिक सुटी होती, म्हणून मुलीला सोडायला आला होता. मी म्हणाले, आत येऊन बघा ना. त्याने मान हलवली. “नाय मॅडम, तिथं तिचं काम चालू हाय.” दाराच्या काचेतून मात्र तो सारखा पाहत होता. आत अश्विनी एप्रन घालून उभी होती, नाकापर्यंत मास्क, आणि सर तिला परीक्षानळी कशी धरायची ते लांबून दाखवत होते. पहिली एक नळी तिच्या हातून सुटून फुटली. बबन दचकला. सरांनी नुसती दुसरी पुढे केली.

तास संपल्यावर ती बाहेर आली ती हात पुढे करूनच.

“बाबा, वास घ्या.”

त्याने मास्क खाली केला, वाकून तिच्या बोटांचा वास घेतला आणि चमकून तिच्याकडे पाहिलं. “हा तर आपल्या प्लँटचा वास हाय.” मग माझ्याकडे वळून सांगू लागला की ते निळ्या पिंपात येतं, गोडसर वास, जाता जात नाही. लग्नाच्या आधीपासून तो ते पिंप उघडतोय. घरी गेला की बायको त्याचा शर्ट बाहेर दोरीवर टाकते, आणि लहान असताना ही पोरगी त्याच्या मांडीवर बसायला नाक मुरडायची. आम्ही त्याला निळं पिंपच म्हणतो, म्हणाला.

“ह्याला इथाइल अॅसिटेट म्हणतेत, बाबा.”

त्याने ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, अडखळला. ती हसली नाही, सावकाश तोडून सांगितलं. दुसऱ्यांदा त्याला ते नीट जमलं. ओढणी तिच्या हातात देत, जिना उतरता उतरता तो तिला म्हणाला, “उद्या पिंप उघडताना सांगतो समद्यांला.”